शिवण क्लासला जाते म्हणून

वर्षभर दर रविवारी शिवण क्लासला जाऊन मला साधं बटण लावता येत नव्हतं, आणि तरीही आमच्या खुटबावात माझ्याइतकी नावाजलेली शिवणवाली दुसरी नव्हती. हे कसं झालं ते सांगते. मधे मात्र मला तोडायचं नाही. मी एकदा सुरू झाले की थांबत नाही हा माझा जुना दोष आहे, आणि या गोष्टीतला सगळा घोटाळा त्यानंच केलेला आहे.

एकोणिसाव्या वर्षी माझ्या मानेत गाठ आली. पुण्याला तपासली तर कॅन्सर निघाला. आधी सलाईनमधून औषधं झाली, मग मशिनीखाली शेक झाले. केस गेले, भुवया गेल्या, आरशात बघितलं की सोललेला बटाटा दिसायचा. वर्ष सरता सरता डॉक्टर म्हणाले, "बरी झालीस. आता तीन-तीन महिन्यांनी नुसतं तोंड दाखवून जायचं."

गावात मात्र मला टायफॉईड झाला होता. हे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवलं होतं. टायफॉईडनं माणूस वाळतं, टायफॉईडनं केस जातात, सगळं कसं बरोबर बसत होतं. "ह्यो शबूद उंबऱ्याभाईर गेला न्हाई पायजे," आबा म्हणाले. "तुझं लगीन व्हायचंय. तुझ्या मागं धाकटी हाय." धाकटी तेव्हा अकरावीला होती. म्हणजे मी तोंड उघडलं की एका दगडात दोघींची लग्नं मोडणार. बरं, आबा बाहेरच नाही तर घरातसुद्धा तो शब्द काढायचे नाहीत. कहर म्हणजे हॉस्पिटलात, जिथं भिंतीवर हातभर अक्षरांत कॅन्सर लिहिलेलं, त्याच भिंतीखाली उभं राहून ते चहावाल्याला सांगायचे, "पोरीला टायफॉईड हाय." चहावाला बिचारा वर बघायचा, खाली बघायचा आणि चहा ओतायचा.

अशातच हॉस्पिटलच्या बाकावर मला दौंडच्या बाई भेटल्या. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या, दौंडातल्या बौद्ध वस्तीत राहणाऱ्या, सडसडीत आणि फटकळ. त्यांचा एक स्तन काढलेला होता, आणि हे त्यांनी मला नाव विचारायच्याही आधी सांगून टाकलं. म्हणाल्या, "इथल्या समाजसेविका बाईंनी माझ्यामागं एक काम लावलंय. आपल्या भागातली, या दुखण्यातून उठलेली तुझ्या वयाची पोरं गोळा करायची आणि त्यांना लिहायला बसवायचं. म्हातारी माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ रडून मोकळी होतात. तुम्ही कुठं रडणार? कॉलेजच्या कँटीनमध्ये?"

जागेचा प्रश्न नव्हता. बाईंच्या धाकट्या बहिणीचा दौंडात एका दुकानाच्या वरच्या खोलीत शिवण क्लास होता आणि तो रविवारी बंद असायचा. आबांना हे कळलं तेव्हा लिहिण्याबिहिण्याचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. "शिवण क्लास व्हय? मग झालं की. शिवण शिकती म्हणून सांगू." असं माझं शिवणकाम सुरू झालं. रविवारी सकाळी आम्ही बापलेक शटल रेल्वेनं दौंडला जायचो, मी जिना चढायचे, आणि आबा समोरच्या चहाच्या हॉटेलात पेपर घेऊन दोन तास बसायचे. तो जिना ते एकदाही चढले नाहीत.

खोलीत सहा पायमशिनी होत्या. टेबलं नाहीत, खुर्च्या सहा. मशीन आत दुमडून फळी टाकली की तेच आमचं टेबल. आम्ही चौघं होतो. मी एक. भांडगावची एक, तिला सोळाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता, आता बी.कॉम. करत होती. रेल्वे क्वार्टरमधला एक मुलगा, तो आठवड्यातून एक वाक्य बोलायचा. आणि एक शिरूरचा. त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वरून काढलेला, नकली पाय लावून तो शिरूरहून एसटीनं यायचा, आणि त्याची जीभ मात्र दोन माणसांची होती.

बाईंचे नियम तीन. गजराचं घड्याळ वीस मिनिटांनी वाजेल तोवर पेन कागदावरून उचलायचं नाही; काही सुचलं नाही तर 'सुचत नाही' असं लिहीत राहायचं. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. आणि घड्याळ वाजल्यावर ज्याला वाटेल त्यानं वाचायचं, ज्याला नको त्यानं पत्त्यात म्हणतात तसं 'पास' म्हणायचं. चौथा नियम आम्ही घातला, की कुणी 'अरेरे' म्हणालं तर सगळ्यांना भेळ. पहिल्या रविवारी शिरूरकरानं दोन पानं भरून 'सुचत नाही' लिहिलं आणि शेवटी लिहिलं, 'आता भूक लागली.' तेही त्यानं वाचून दाखवलं, सबंध, एकेक 'सुचत नाही' वेगळ्या आवाजात. रेल्वे क्वार्टरवाला हसता हसता खुर्चीवरून खाली बसला.

आता गंमत अशी, की मशिनीसमोर बसलं की पाय आपोआप पायडलवर जातो. लिहिता लिहिता पायडल हलायला लागायचं. साधंसुधं चाललं असेल तर कुरकुर-कुरकुर, आणि कुणी जिवाभावाचं लिहायला लागलं की त्याची मशीन अशी सुटायची की वाटावं दिवाळीची गिऱ्हाइकं दारात उभी आहेत. बाई डोळे मिटून बसायच्या आणि नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. "भांडगाव आज जोरात आहे," म्हणायच्या. शिरूरकर एका पायानं मशीन आमच्या दुप्पट पळवायचा. खालचा दुकानदार माझ्या आबांना सांगायचा, "पोरी लय कष्टाळू हायत बगा, रविवारीबी मशीन बंद न्हाई." आबा मान डोलवायचे.

एकदा बाई म्हणाल्या, दुखण्यात जे गेलं त्याला पत्र लिहा. शिरूरकरानं लिहिलं, 'प्रिय डाव्या पायास, सा. न. वि. वि. तू गेल्यापासून मोजे धुवायचं काम निम्मं झालं आहे. उजवा सुखरूप आहे, पण सगळा भार त्याच्यावर पडल्यामुळे तो तुझ्यावर चिडून आहे. तुझ्या अंगठ्याला अजून रात्रीची खाज येते, तेवढी तिकडच्या तिकडं खाजवून घेणे.' भांडगावचीनं तिच्या टोपाला पत्र लिहिलं. पुण्याहून आणलेला केसांचा टोप तिनं खुंटीला अडकवला होता, तो पडला कोनाड्यात, आणि मांजरानं त्यात तीन पिल्लं घातली. 'तू माझ्यापेक्षा त्यांच्या उपयोगी पडलास,' असं तिनं लिहिलं होतं. आम्ही इतके हसलो की खालचा दुकानदार वर बघायला आला. बाईंनी पटकन एक कापड फळीवर पसरून हातात कात्री घेतली.

मी मात्र दर वेळी पास. कागदावर मी धडाधडा लिहायचे, माझ्या मशिनीचा आवाज सगळ्यांत मोठा. पण तोंडानं तो शब्द म्हणायची वेळ आली की मी कागदाची घडी पिशवीत कोंबायचे. आबा समोर उभे राहायचे. खरं म्हणजे ते समोरच असायचे, खिडकीतून त्यांची टोपी दिसायची. वर्षभर पास म्हणणारी मी एकटीच. बाई कधी आग्रह करायच्या नाहीत, याचाही मला राग यायचा.

इकडं गावात भलतंच झालं. पोरगी वर्षभर शिवण शिकते म्हटल्यावर बायका ब्लाऊजपीस घेऊन यायला लागल्या. पहिलं शेजारच्या काकूंचं आलं. नाही कसं म्हणणार? मी टेप घेऊन त्यांच्याभोवती दोन चकरा मारल्या, जुनं ब्लाऊज मापाला मागून घेतलं आणि रविवारी पिशवीत घालून, किल्ली द्यायला आलेल्या बाईंच्या बहिणीपुढं ठेवलं. तिनं मला आधी शिव्या घातल्या आणि मग ब्लाऊज शिवून दिलं. ते असं बसलं की काकू ते घालून अख्खी आळी फिरून आल्या. "काय सफाई हाय पोरीच्या हाताला," झालं. मग रांग लागली. भांडगावची मला म्हणायची, "तू आता एक दुकानच काढ, फक्त तिथं शिवायचं नाही."

आणि या कीर्तीवर माझं स्थळ आलं. शिरूर तालुक्यातलं. मुलगा प्राथमिक शाळेत गुरुजी. जमीन बेताची, माणसं चांगली, आणि त्यांच्या कुणा पाव्हणीनं माझ्या नावावरचं एक ब्लाऊज घातलेलं. आबा त्या आठवड्यात घरात पाय टाकायचे ते तालात. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "इचारलंच, तर टायफॉईड. ध्यानात हाय न्हवं?" ध्यानात नसायला काय झालं.

पाव्हणे जीपमधून आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. बोलणं सगळं मामांकडं. माझी आई पोहे देऊन गेली, मी पाटावर बसले, डोक्यावर पदर, मानेवरच्या खुणेवर ठसठशीत ठुशी. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग मुलाच्या आईनं पिशवीतून ते ब्लाऊज काढलं, उलटं केलं, शिवण चाचपली आणि म्हणाली, "हात चांगला हाय गं तुझा. आता आलीच हाय तर माझंबी माप घे. टेप आन जा."

माझ्या आईचा चेहरा पांढरा पडला. टेप कुठून धरतात इथपासून माझी सुरुवात. तेवढ्यात मामांनी मला वाचवलं. "माप ऱ्हाऊ दे. आधी अक्षर बघू. गुरुजीच्या घरात यायचं म्हंजी अक्षर पायजे." त्यांनी खिशातलं पेन दिलं, आबांनी फुलस्केप दिला. मुलगी बघताना लिहायला लावतात ही आमच्याकडची रीतच, त्यात नवल नव्हतं. "नाव-गाव लिव आन् मनानं चार ओळी लिव," मामा म्हणाले.

मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. आणि इथंच घोटाळा झाला. वर्षभराची सवय. मनानं लिही म्हणालं की पेन उचलायचं नाही, घड्याळ वाजेपर्यंत थांबायचं नाही. आणि त्या खोलीत घड्याळ कुणी लावलंच नव्हतं.

मी लिहीत सुटले. पहिली बाजू भरली, कागद उलटला. मामा कौतुकानं म्हणाले, "वा, लिव लिव." पोहे गार झाले. माझी आई दारातून बघत होती आणि तिला दिसत होतं, की माझ्या साडीच्या निऱ्या खालून सारख्या हलताहेत. पाटावर बसल्या बसल्या माझा पाय पायडल मारत होता. ती मला डोळ्यांनी खुणावत होती, पण घड्याळ वाजेपर्यंत वर बघायची मला सवयच नव्हती. दोन्ही बाजू भरल्यावर कागदच संपला म्हणून मी थांबले, आणि तेव्हा मला कळलं मी काय केलंय.

कागद घ्यायला मी हात पुढं केला, तो मामांनी आधीच उचलला होता. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "चष्मा जीपमधी ऱ्हायला. गुरुजी, तूच वाच. मोठ्यानं वाच, आमाला बी ऐकू दे."

गुरुजी उठून उभे राहिले. वर्गात वाचतात तसं खणखणीत, एकेक शब्द सुटा करून वाचायला लागले. "माझे नाव अमुक. माझे गाव खुटबाव. मला शिवण येत नाही." मामा खो-खो हसले. "पावणीबाईंच्या हातात आहे ते ब्लाऊज दौंडच्या शिवण क्लासवाल्या बाईंनी शिवलेलं आहे. मला बटणसुद्धा लावता येत नाही. मी रविवारी तिथं लिहायला जाते." आता हसू थोडं कमी झालं. गुरुजी वाचत होते, गुरुजींना मधे थांबायची सवय नसते. "मला टायफॉईड झाला नव्हता. मला कॅन्सर झाला होता."

गुरुजी थांबले. मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कशी कोण जाणे, मान हलवली. वाचा म्हटलं. मग त्यांनी वाचलं, जरा हळू.

"केस गेले होते ते परत आले, आधी सरळ होते आता कुरळे आलेत, बहुतेक दुसऱ्या कुणाचे मला आले. डॉक्टर म्हणाले मी बरी झाले. मला हे सगळ्या गावाला ओरडून सांगायचं होतं. पोरगी बारावी झाली तरी लोक पेढे वाटतात. पण मला काही झालंच नव्हतं म्हटल्यावर मी बरी झाले हे कुणाला सांगणार? माझे पेढे राहिले. मला लग्न करायचं आहे का ते माहीत नाही, पण पेढे वाटायचे आहेत."

वर्षभर जे मला चौघांत वाचता आलं नाही, ते एका परक्या माणसानं माझ्या घरात उभं राहून वाचलं. आणि खोटं कशाला बोलू, मला इतकं हलकं वाटलं की हसू फुटायला लागलं. पदर तोंडात कोंबून मी बसले. आबांकडं बघायची मात्र छाती झाली नाही.

मामा उठले. "अक्षर चांगलं हाय," म्हणाले. "कळवतो." 'कळवतो'चा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. गुरुजींनी जाताना कागदाची नीट घडी घातली आणि ती आबांच्या हातात दिली. आबांनी ती न बघता बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

पुढचा आठवडा आबा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. आई दिवसातून दोनदा रडायची आणि मधेच "पाटावर बसून कसली मशीन मारत हुतीस गं" म्हणून पदराआड हसायची. धाकटी म्हणाली, "माझं लगीन लांबलं तर लांबू दे. मला नर्सिंगला जायचंय." मी मात्र आबांच्या बंडीकडं बघत राहायचे. ते कागद कधी वाचतात ते मला कळलं नाही, पण शनिवारी खुंटीवरच्या बंडीच्या खिशात घडी मळलेली दिसली.

रविवारी मी उठलेच नाही. क्लास संपला असं मी धरून चालले होते. तर आबा दारात येऊन म्हणाले, "चल, गाडी चुकंल."

शटलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो आणि खिडकीबाहेर बघत दौंडला पोचलो. बाजारात ते एका मिठाईच्या दुकानात शिरले, खोका घेऊन आले. मला वाटलं कुठं जायचं असेल. जिन्यापाशी मी नेहमीसारखी वळले आणि आबा हॉटेलकडं वळायची वाट बघितली. आबांनी जिन्याखाली चपला काढल्या आणि माझ्यापुढं वर चढले.

वर सगळे उठून उभे राहिले. शिरूरकरसुद्धा. बाई म्हणाल्या, "या आबा," एवढंच, आणि कागद-पेन पुढं केलं. आबा दाराजवळच्या मशिनीवर बसले. बाईंनी नियम सांगितले, घड्याळ लावलं. मी काय लिहिलं ते मला आठवत नाही, बहुतेक 'सुचत नाही' लिहिलं. सगळ्यांचे कान त्या एका मशिनीकडं. बराच वेळ तिचा आवाजच नव्हता. मग एकदा कुरकुरली. थांबली. मग हळूहळू चालायला लागली आणि घड्याळ वाजलं तरी चालूच राहिली. कुणीही त्यांना थांबा म्हणालं नाही.

थांबल्यावर बाईंनी विचारलं, "वाचता?" आबा म्हणाले, "मला न्हाई जमायचं." आणि कागद माझ्यापुढं धरला. "तू वाच."

मी कधी म्हणजे कधी वाचलं नव्हतं. कागद हातात घेतला, उभी राहिले आणि वाचलं.

"डाक्टरनी सांगितलं तवा मी खाली येऊन चहाच्या गाड्यापाशी बसलो. चहावाल्यानं इचारलं, काय झालं. मला कॅन्सर म्हनता येईना. माझ्या थोरल्या भावाला लहानपनी टायफॉईड झाला हुता आन् तो बरा होऊन घरी आला हुता. मी म्हनलो, टायफॉईड. म्हनलं पोरगीबी तशीच घरी येईल. लग्नाचं कारन मी नंतर जोडलं."

भांडगावची 'अरेरे' म्हणाली. चौथ्या नियमानं तिला सगळ्यांना भेळ द्यावी लागणार होती, पण शिरूरकर हळूच म्हणाला, "आज माफ," आणि नाक शिंकरायला खिडकीपाशी गेला.

आबांनी खोका उघडला. सगळ्यांना दोन-दोन पेढे दिले. रेल्वे क्वार्टरवाल्यानं चार घेतले. मग उरलेला खोका घेऊन आम्ही खाली उतरलो आणि आबा सरळ समोरच्या हॉटेलात शिरले. हॉटेलवाला वर्षभराचा ओळखीचा. "आज तुमीबी वर? शिवन शिकाय लागलाय का काय?" म्हणाला.

"पेढा घ्या," आबा म्हणाले. "पोरगी बरी झाली."

"आता गं बया. काय झालं हुतं?"

आबा माझ्याकडं बघत राहिले. हॉटेलात सात-आठ गिऱ्हाइकं होती, त्यातले दोघं आमच्या गावचे. मी वाट बघत होते आणि माझा पाय बाकाखाली हलत होता.

"कॅन्सर," आबा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

हॉटेलवाल्यानं हातातल्या पेढ्याकडं बघितलं. "मग एवढ्या मोठ्या दुखण्याला एकच पेढा व्हय? आनखी एक द्या की." आबांनी अख्खा खोकाच त्याच्यापुढं ठेवला.